दुसरी खिडकी: प्रेक्षकाला रांगेत बसवणाऱ्या एका मांडणशिल्पाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका समूहप्रदर्शनातल्या एका मांडणशिल्पाचं, म्हणजे अख्खी जागाच कलाकृती म्हणून मांडलेल्या कामाचं (इन्स्टॉलेशन) आहे. कलादालन, कलाकार, कामाचं शीर्षक, सगळं गाळलं आहे आणि ओळख पटेल अशा काही खुणा बदलल्या आहेत. मी त्या प्रदर्शनात क्युरेटरची, म्हणजे प्रदर्शनाची आखणी करणाऱ्या बाईंची, सहायक होते. स्वयंसेवक निवडायचे, त्यांच्या पाळ्या लावायच्या आणि त्यांच्या हातात द्यायचं सूचनापत्रक लिहायचं, ही कामं माझ्याकडे होती. यातलं सूचनापत्रक लक्षात ठेवा, कारण सगळं फिरून तिथेच येतं.

काम असं होतं. आत शिरलं की एक प्रतीक्षागृह. भिंतीकडेने बाकं, टोकन देणारं यंत्र, वर एक घड्याळ आणि समोर तीन खिडक्या. पहिल्या खिडकीत अर्ज मिळायचा. त्यात नाव-पत्ता काही नव्हतं, चारच प्रश्न होते. "आत जाण्याची गरज कोणत्या कारणाने निर्माण झाली?", "यापूर्वी आपण कोणासाठी थांबला आहात काय?" अशा थाटाचे. दुसऱ्या खिडकीत अर्ज तपासला जायचा, तिसरीत शिक्का. मग दार.

दारापलीकडची खोली अगदी लहान. एक खुर्ची, एक काच आणि एक बटण. काचेतून बाहेरची बाकं दिसायची, बाहेरच्यांना मात्र आतलं काही दिसत नसे. बटणाखाली लिहिलं होतं, "पुढच्यास बोलवा". आतला माणूस बटण दाबेपर्यंत दार दुसऱ्या कोणासाठीही उघडायचं नाही, एवढाच नियम. किती वेळ बसायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पहिल्या काही दिवसांतच कलाकाराला हवं ते मिळायला लागलं. ज्यांना बाहेर जास्त थांबावं लागलं, ते आत जास्त वेळ बसत. बाहेर बाकावर "किती वेळ लावतात लोक" म्हणून कुरकुरणारे एक गृहस्थ आत गेल्यावर मांडीवर मांडी टाकून इतके निवांत बसले की घड्याळ बंद पडलंय की काय असं वाटावं. बाहेर आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "एवढं ताटकळल्यावर बसू नको का?"

प्रेक्षकालाच व्यवस्थेत उभं करून त्याचं वागणं हेच कामाचं साहित्य करायचं, ही पद्धत जुनी आहे. स्लोव्हाक कलाकार रोमान ओंडाकने २००३ मध्ये माणसांची एक रांग उभी केली. ती कशासाठीच नव्हती, तरी ती पाहून पुढे काहीतरी असणार असं वाटतंच. क्युबन कलाकार तानिया ब्रुगेराने २००८ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात दोन घोडेस्वार पोलीस आणले आणि त्यांनी गर्दी इकडून तिकडे हाकली. ही कलाकृती आहे हे लोकांना सांगितलेलं नव्हतं. लोक मुकाट्याने सरकले. आमच्या कलाकाराच्या बोलण्यात ब्रुगेराचं नाव दर दोन वाक्यांनी यायचं.

घड्याळात कॅमेरा होता. दाराबाहेर बारीक अक्षरात "या दालनात चित्रीकरण होऊ शकते" अशी पाटी होती. नियमाला धरून होतं. वाचत कोणी नव्हतं.

अडचण कुठे सुरू झाली

दुसऱ्या खिडकीवर.

तिथे मी एका विद्यार्थ्याला बसवलं होतं. मुलाखतीत त्याचा आवाज टेबलापलीकडेही नीट पोचत नव्हता. तपासणीच्या खिडकीला मऊ माणूस हवा, म्हणजे कोणी दुखावणार नाही, असा माझा हिशोब. त्याच्या हातात दिलेल्या पत्रकात मी लिहिलं होतं: "प्रेक्षकाशी वाद घालू नका. कारण विचारल्यास सांगू नका. अर्ज योग्य वाटला नाही तर परत पाठवा." योग्य म्हणजे काय, ते मी लिहिलं नव्हतं. तेव्हा ती संदिग्धता मला कामाला साजेशी वाटली होती, हेही कबूल करते.

सुरुवातीला तो खाडाखोड असलेले अर्ज परत पाठवायचा. मग काळी शाई चालेना, निळीच हवी. मग कागदाचा कोपरा दुमडलेला चालेना. एके सकाळी त्याने घरून लाकडी फूटपट्टी आणली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिली. तिने तो काहीही मोजत नसे. ती नुसती तिथे असायची. दोन दिवसांत लोक अर्ज असा आणायला लागले: दोन्ही तळहात सपाट धरून, वर कागद, कोपर अंगाला चिकटवलेलं. ताट सांडू नये म्हणून आपण चालतो तसे चालत. त्यांना तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं.

बाकीच्या दोन खिडक्यांनीही हे उचललं. पहिल्या खिडकीवरची मुलगी अर्ज देताना मान वर करेनाशी झाली.

त्याच सुमारास कलादालनाचे एक विश्वस्त दुपारी आले. त्यांनी टोकन घेतलं नाही. घ्यायचं असतं हे बहुधा त्यांना जाणवलंही नसेल. दुसऱ्या खिडकीतला मुलगा त्यांना पाहून उठून उभा राहिला. तिसऱ्या खिडकीने कोऱ्या कागदावर शिक्का मारला. आतल्याने बटण दाबलेलं नसताना बाहेरून दार ठोठावून त्याला उठवण्यात आलं. बाकावरचा एक जण अर्धवट उठला, आजूबाजूला पाहिलं आणि परत बसला. संध्याकाळी चित्रण पाहताना कलाकार आनंदाने टेबलावर हात आपटत म्हणाला, "हेच तर काम आहे!" क्युरेटर काही बोलल्या नाहीत. मला हसू आलं होतं. विश्वस्तांबद्दल मांडणी न करताच मांडणी झाली होती आणि ती फुकटात मिळाली होती.

चार दिवसांनी एक वयस्कर बाई एकट्याच आल्या. आमची खोली मुख्य प्रवेशाला लागून होती. संपूर्ण प्रदर्शनाला आत सोडण्याआधीची ही औपचारिकता असेल असं त्यांना वाटलं. खोली तिथे ठेवण्याची चूक नकाशा पाहताना आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती. दुसऱ्या खिडकीने त्यांचा अर्ज तीनदा परत केला. एक तरुण त्यांच्या पुढे घुसला. दिवे मंद व्हायला लागले तेव्हा त्यांनी सुरक्षारक्षकाला विचारलं, "माझा नंबर कधी लागेल?" हा रक्षक कामातला नव्हता, कलादालनाचा खराखुरा होता. तो म्हणाला, "काकू, अहो हे खरं नाहीये. हे चित्र आहे."

मी तेव्हा दारात होते. त्या काही बोलल्या नाहीत. हातातला अर्ज त्यांनी आधी नीट चौकोनी घडी करून पर्समध्ये ठेवला, मग परत बाहेर काढला, कुठे ठेवावा ते सुचेना. हात थरथरत होते. बाहेर पडताना त्या चित्रीकरणाच्या पाटीपाशी थांबल्या आणि त्यांनी ती पूर्ण वाचली. वाचणाऱ्या बहुधा त्या पहिल्याच.

दुसऱ्या दिवशी हाती लिहिलेलं पत्र आलं. त्यात एक वाक्य होतं: "मी फसले याचे दुःख नाही. मी फसत असताना तुम्ही टिपून घेत होता, त्याचे आहे."

समोरचे पर्याय

बैठकीला कलाकार, क्युरेटर आणि मी, एवढेच होतो. रक्षकाला बोलवायला हवं होतं. ते सुचलं नाही.

कलाकाराचं म्हणणं, काम जसंच्या तसं चालू ठेवा, बाईंची माफी मागा. त्याचा आधार अर्थातच ब्रुगेरा. क्युरेटरनी विचारलं, घोडेस्वारांसमोर माणूस गर्दीत असतो, काही मिनिटं असतो आणि त्याला बाजूला सरकण्यापलीकडे काही करायचं नसतं. आपण एकेकाला निवडून तासभर बसवतो, तर दोन्ही एकच कसं? याचं उत्तर कलाकाराकडे नव्हतं. तो म्हणाला, "मग मारिना अब्रामोविचचं काय?" स्वतःच्या शरीरावर प्रयोग करणारी ही कलाकार. १९७४ मध्ये नेपल्समध्ये तिने टेबलावर ७२ वस्तू मांडल्या, त्यात पिस्तूल आणि गोळीही होती, आणि ६ तास स्वतःला लोकांच्या हवाली केलं. लोकांनी कपडे कापले, जखमा केल्या. पण तिथे वेळ ठरलेली होती, या काळातली सगळी जबाबदारी माझी असं तिने लिहून दिलं होतं आणि मुख्य म्हणजे धोका तिच्या अंगावर होता. आमच्याकडे धोका बाकावर बसणाऱ्याच्या अंगावर, जबाबदारी कोणाच्याच नाही आणि वेळ अनिश्चित.

क्युरेटरना काम बंद करावंसं वाटत होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर डेन्मार्कचं उदाहरण होतं. २००० मध्ये मार्को एवारिस्ती या कलाकाराने एका संग्रहालयात दहा मिक्सरमध्ये जिवंत मासे ठेवले. बटण दाबायचं की नाही ते प्रेक्षकाने ठरवायचं. काहींनी दाबलं. प्राणिक्रौर्याचा खटला मात्र बटण दाबणाऱ्यांवर झाला नाही, तो संग्रहालयाच्या संचालकांवर झाला. २००३ मध्ये ते निर्दोष सुटले, पण तोवर तीन वर्षं गेली होती.

मी तिसरा पर्याय मांडला: सगळं उघड करा. बाहेर मोठी पाटी लावा की हे कलाकृतीचं दालन आहे, इथे थांबावं लागेल, दार उघडेलच असं नाही. माझा आधार जर्मन कलाकार हान्स हाके. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याने दोन पारदर्शक मतपेट्या ठेवल्या. राज्यपाल रॉकफेलर यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या इंडोचायना (व्हिएतनाम युद्धाच्या) धोरणाचा निषेध केला नाही, हे नोव्हेंबरमध्ये त्यांना मत न देण्याचं कारण ठरेल का, असा प्रश्न. रॉकफेलर त्याच संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळावर होते. लपवलेलं काहीच नव्हतं. प्रश्न समोर, मतं समोर, साठत जाणारा ढीग समोर, आणि "हो"ची पेटी दुसरीच्या जवळपास दुप्पट भरली. उघडेपणानेच ते काम चावलं. कलाकार म्हणाला, "तिथे लोक मत देत होते. इथे लोक सवय दाखवतात. सवय सांगून दाखवता येत नाही." हा मुद्दा खोडता आला नाही, आजही येत नाही.

चौथा पर्याय कोणी मांडला ते आठवत नाही, बहुधा तिघांच्याही मनात एकदमच आला. त्या मुलाला काढून टाका. दुसऱ्या खिडकीवर दुसरा माणूस बसवा, बाईंना कळवा की संबंधिताला दूर केलं आहे. सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत झटपट. दहा मिनिटं आम्ही तिघेही त्यावर खूश होतो.

अडलं ते एका साध्या प्रश्नावर. क्युरेटरनी विचारलं, "त्याने पत्रकातलं काय मोडलं?" मी पत्रक उघडलं. काहीच मोडलं नव्हतं.

१९७१ चा स्टॅनफर्डचा कारागृह-प्रयोग सगळ्यांना माहीत असतो. विद्यार्थ्यांना रक्षक आणि कैदी बनवलं, दोन आठवड्यांचा बेत सहा दिवसांत गुंडाळावा लागला, आणि तेव्हापासून "गणवेश घातला की माणूस असाच होतो" हे त्यातून सांगितलं जातं. पण बऱ्याच वर्षांनी पुढे आलेल्या ध्वनिमुद्रणांत वॉर्डनच्या भूमिकेतला सहकारी एका मवाळ रक्षकाला जरा कडक हो म्हणून गळ घालताना ऐकू येतो. म्हणजे रक्षक आपोआप कडक होत नव्हते, त्यांच्याकडे तशी मागणी होती. पोलिश कलाकार आर्तुर झ्मियेव्स्कीने तोच प्रयोग पुन्हा घडवून २००५ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकात दाखवला, तर त्यात शेवटी सहभागींनीच मिळून तो सोडून दिला. माणसं तशीच, फक्त मधली मागणी वेगळी झाली की शेवट वेगळा होतो. हे मी बैठकीत बोलले आणि बोलता बोलताच ऐकू आलं की आपण आपल्याच पत्रकाबद्दल बोलतोय.

काय केलं

काम दोन दिवस बंद ठेवलं. दारावर कारण लिहिलं: "दुरुस्ती". कलाकाराला ही पाटी फार आवडली.

त्या मुलाशी बोलायला मी गेले. तो रागावला नव्हता, गोंधळला होता. फूटपट्टी का आणली असं विचारलं तर म्हणाला, "हात मोकळे वाटत होते." मग थोड्या वेळाने, "तुम्हीच लिहिलं होतं ना ताई, कारण सांगू नका. सांगायचंच नाही म्हटल्यावर मग कारण लागत नाही."

नवं पत्रक दोन पानांचं झालं. एक अर्ज जास्तीत जास्त एकदाच परत जाईल आणि परत पाठवताना काय दुरुस्त करायचं ते सांगितलं जाईल. प्रत्येक स्वयंसेवकाने पाळी सुरू होण्याआधी टोकन घेऊन बाकावर बसायचं आणि दुसऱ्या कोणी तपासलेला अर्ज घेऊनच आत यायचं. कोणाचाही जीव घाबरा झालाय असं वाटलं तर खिडकीचं शटर पूर्ण वर करायचं. शटर वर गेलं की खेळ थांबला, दिवे पूर्ण लागणार. हा अधिकार तिन्ही खिडक्यांना आणि सुरक्षारक्षकाला. कलाकाराला तो दिला नाही. यावर बरंच भांडण झालं, पण त्याच्याकडे थांबवण्याचं कारण कधीच नसतं, हे त्याने स्वतःच कबूल केलं.

प्रतीक्षागृहाला बाजूने दुसरं दार उघडलं: "इथून केव्हाही बाहेर पडता येईल." कॅमेरा घड्याळातून काढून सगळ्यांना दिसेल असा तिकाटण्यावर ठेवला. बाहेर मोठी पाटी आली. आधीचं जे चित्रण होतं, त्यातल्या ज्या माणसांची संमती घेता येईल तेवढंच ठेवायचं, बाकी पुसायचं असं ठरलं. बाकी म्हणजे जवळजवळ सगळंच.

विश्वस्तांविषयी नियम लिहिण्याची वेळ आली तेव्हा सगळे अचानक पत्रकाच्या मांडणीकडे लक्ष देऊ लागले. शेवटी "टोकन सर्वांसाठी" एवढं लिहिलं. ते पुन्हा आले नाहीत, त्यामुळे ती ओळ किती मजबूत आहे ते कळलं नाही.

पुढे काय झालं

पाटीने काम मेलं नाही, पण बदललं. आपण कलाकृतीत आहोत हे माहीत असूनही लोक अर्ज तळहातावर सपाट धरून आणत होते. फूटपट्टी केव्हाच घरी गेली होती. एकीकडे हे, आणि दुसरीकडे काही जण कॅमेऱ्याकडे बघून खोटं खोटं चिडायचे, बाकावर बसून फोटो काढायचे. आधीची जी शांतता होती, बाकावरच्या माणसांनी एकमेकांकडे न बघण्याची, ती गेली. कलाकाराचं नुकसान खरं होतं. ते मी कमी लेखत नाही.

पाळीआधी बाकावर बसवल्याने स्वयंसेवक मवाळ होतील असं मला वाटलं होतं. बहुतेक झालेही. एक मुलगी मात्र उलट कडक झाली. तिचं म्हणणं, "मी अर्धा तास बसले ना? मग यांना काय झालं?" आतल्या खोलीत मांडीवर मांडी टाकून बसलेल्या गृहस्थांचंच वाक्य, फक्त खिडकीच्या दुसऱ्या बाजूने. त्या मुलाखतींमध्ये माणूस ओळखण्याचा माझा जो आत्मविश्वास होता, तो इथे संपला.

बाहेर पडायच्या त्या बाजूच्या दाराचा वापर फार कमी झाला. पण लोक बसायला त्या दाराजवळची जागा आधी धरायला लागले. शटर एकदाच वर गेलं आणि ते रक्षकाने केलं, एका लहान मुलासाठी. मुलाचे आईवडील रांगेत इतके गुंगले होते की ते रडतंय हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

त्या बाईंना आम्ही फोन केला. चित्रण पुसायच्या आधी त्यांना ते बघायचं होतं. त्या आल्या, कलाकार आणि मी शेजारी बसलो. बराच वेळ त्यांनी काही न बोलता पाहिलं. मग एका ठिकाणी म्हणाल्या, "थांबवा." पडद्यावर तो तरुण त्यांच्या पुढे सरकत होता. "हा पुढे गेला तेव्हा मी बोलले नाही. मला वाटायचं, मी बोलले होते. घरी मी तसंच सांगितलं." आणखी एकदा तेवढाच तुकडा त्यांनी लावायला सांगितला. मग म्हणाल्या, "पुसा आता." कलाकाराने स्वतः पुसलं. तो नंतर मला म्हणाला की प्रदर्शनातलं सगळ्यांत चांगलं चित्रण तेच होतं. खरंय.

वेगळं काय करता आलं असतं

खोली प्रवेशापासून लांब हवी होती, हे उघड आहे. रक्षकांना पहिल्या दिवसापासून कामाची माहिती द्यायला हवी होती. ते रोज आठ तास तिथे उभे असतात आणि अडचण त्यांनाच आधी दिसते. कॅमेरा लपवायला नको होता.

याहून महत्त्वाचं मला वाटतं ते असं: आम्ही कामाची चाचणी प्रेक्षकांवर घेतली होती, खिडकीवाल्यांवर नाही. काही मित्रांना रांगेत बसवून पाहिलं, त्यांना कंटाळा आला की नाही ते विचारलं. खिडकीत आठवडाभर बसून माणसाचं काय होतं ते कोणीच पाहिलं नाही, कारण आमच्या लेखी प्रयोग बाकांवर होता आणि खिडकी हे नुसतं उपकरण. त्या मुलाला पाचव्या दिवशी कोणीतरी विचारलं असतं, ही फूटपट्टी कशाला, तर पत्र आलंच नसतं.

आणि पत्रक भिंतीवर लावायला हवं होतं. दुसऱ्या खिडकीच्या शेजारी, बाकावरून वाचता येईल अशा अक्षरात. "कारण विचारल्यास सांगू नका" हे वाचून त्या खिडकीसमोर उभा राहणारा माणूस कसा वागतो, ते मला अजूनही पाहायचं आहे. मला वाटतं ते जास्त धारदार काम झालं असतं. कलाकाराला वाटतं ते काम न राहता कामावरची टीप झाली असती.

हे मांडणशिल्प आता दुसरीकडे पुन्हा उभं राहणार आहे. कलाकाराने माझ्याकडे पत्रकाचा मसुदा मागितला. मी पहिलीच ओळ लिहिली, "अर्ज परत पाठवताना कारण सांगा." परवा मसुदा त्याच्याकडून परत आला. ती ओळ खोडलेली आहे आणि समासात त्याने लिहिलंय, "कारण सांगावं, पण खोटं." मी अजून उत्तर दिलेलं नाही.